आईवडिलांना पहिल्यांदा परदेशी नेलंत, तेव्हाचे अनुभव लिहा

दादरची_लेक

गेल्या नोव्हेंबरात आईला घेऊन जपानला जाऊन आले. आई ७१ वर्षांची. महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं चौथीला शिकवलं. फळ्याला जगाचा नकाशा टांगून तिने किती पोरांकडून होक्काइडो, होन्शू, शिकोकू, क्यूशू पाठ करून घेतलं असेल, आणि स्वतः मात्र कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. बाबा गेल्यापासून तर बाजार आणि देऊळ सोडून कुठे जाईना. धाकटी बहीण टोकियोत निशिकासाईला राहते, तिथे आपली भारतीय मंडळी पुष्कळ आहेत. तिने परस्पर तिकिटं काढली आणि फोनवर सांगितलं, "आता नाही म्हणायचं नाही."

पहिली परीक्षा जपानात उतरल्या उतरल्याच झाली. तिथे विमानतळावर दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे घेतात. आईचे ठसे यंत्राला लागेचनात. खडू धरून, भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. मागे रांग वाढत होती आणि आई सारखी माझ्याकडे बघत होती, आपलंच काही चुकतंय अशा चेहऱ्याने. काउंटरवरची मुलगी उठून बाहेर आली. ओल्या कागदाने आईचं बोट पुसलं, काचेवर ठेवून वरून हलकेच दाबून धरलं. तिसऱ्या खेपेला लागलं. ती आईकडे बघून वाकली, आईने हात जोडले.

बुलेट ट्रेनचं तर काय सांगू! १९६४ साली टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर ती सुरू झाली हे आई वर्गात सांगायची. टोकियोहून क्योटोला जाताना उजव्या हाताची खिडकी मागून घेतली होती, कारण फुजी त्या बाजूला दिसतो. पाऊण तास नुसते ढग. मग एका क्षणी ढग खाली राहिले आणि वर पांढरं टोक. आईने माझा दंड घट्ट धरला. म्हणाली, "पुस्तकात एवढासा असतो गं." नागोया गेल्यावर ती पिशवी घेऊन दाराशी उभी. लोकलच्या लेडीज डब्याची सवय, दोन स्टेशनं आधी उठायचं. क्योटोला अजून अर्धा तास होता. मीही तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

आता जे खरं सांगायचं आहे ते. क्योटोच्या तिसऱ्या दिवशी मी तिला फुशिमी इनारीला नेलं, हजारो लाल कमानींचा तो डोंगर. माझ्या यादीत होतं. अर्ध्या तासात आईचे गुडघे बोलायला लागले आणि मी वैतागले. तोंडाने काही बोलले नाही, पण तिला कळलं. म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथे बसते." मी गेले. तासाभराने परत आले तर आईच्या बाकावर एक जपानी आजी बसलेल्या. त्यांनी पर्समधून दुखण्यावर चिकटवायची पट्टी काढली होती, तिकडे शिप्पू म्हणतात, आणि गुडघ्यावर कशी लावायची ते खुणांनी शिकवत होत्या. आईने साडी पोटरीपर्यंत वर घेतलेली. दोघींच्या मध्ये आवळासुपारीची डबी उघडी होती. आजींना तो आंबटपणा आवडला असावा, तोंड आवळून त्या पुन्हा पुन्हा डबीत हात घालत होत्या.

त्या रात्री मी यादी फाडली. आईला विचारलं, तुला काय बघायचंय? हा प्रश्न निघायच्या आधी विचारायला हवा होता, मला तो आठव्या दिवशी सुचला.

तिने सांगितलं ते फारसं कठीण नव्हतं. "तिथे गणपती आहे म्हणतात ना?" आहे! टोकियोत असाकुसाजवळ, सुमिदा नदीच्या काठी मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणेशच, बौद्ध धर्माबरोबर गेलेला. मूर्ती बंद गाभाऱ्यात असते, दर्शन होत नाही. टेकडीवर चढायला पायऱ्यांच्या बाजूने रुळावरची छोटीशी गाडी आहे, म्हातारी माणसं बसून वर जातात, पैसे घेत नाहीत. आणि नैवेद्य कशाचा, तर मुळ्याचा! देवळातच पांढरेशुभ्र, मनगटाएवढे जाड मुळे विकायला ठेवलेले. कंदिलावर, दगडावर, जिथे बघाल तिथे एकमेकांत अडकवलेले दोन मुळे कोरलेत. आईने एक मुळा घेतला, दोन्ही हातांनी पुढे ठेवला आणि उभ्यानेच अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारच्या जपानी बाई संपेपर्यंत थांबल्या, मग त्यांनी आपला मुळा ठेवला.

वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून देतात. आमच्या वाट्याला एक आला. संध्याकाळी निशिकासाईच्या स्वयंपाकघरात आईने तो किसला, पाणी पिळून काढलं, दही, दाण्याचं कूट, वरून हिंग-मिरचीची फोडणी. आपल्या मुळ्यासारखा उग्र नसतो तो. बहीण दोन वाट्या कोशिंबीर नुसतीच खाऊन गेली आणि मग रडायला लागली.

तुमचे अनुभव लिहा. कुठे नेलंत, काय जमलं, काय नाही जमलं. नाही जमलं तेही लिहा, कारण आईला पुन्हा न्यायचं आहे.

---

लालबागचा_शेजार

ताई, सकाळी लोकलमध्ये वाचलं, करी रोडला उतरायचं राहून गेलं. मुळ्याचा नैवेद्य पहिल्यांदाच ऐकला.

---

पार्लेकरीण

सासूबाईंना (वय ७४) कंबोडियाला नेलं होतं. एका प्रवासी कंपनीबरोबर गेलो, नाव लिहीत नाही. कार्यक्रमपत्रिकेत अंकोरवाट ठळक अक्षरात होतं. प्रत्यक्षात तिथे ४० मिनिटं आणि त्यानंतर बाजारात अडीच तास. सासूबाई आयुष्यभर प्रवचनं ऐकलेल्या, घरी रोज विष्णुसहस्रनाम. जगातलं सर्वांत मोठं विष्णुमंदिर समोर, आणि गाइड झेंडा हलवत म्हणतोय, चला चला. सासूबाई बसमध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीचा कार्यक्रम सोडला. सकाळी साडेपाचला हॉटेलच्या दारातून टुकटुक केली आणि दोघीच गेलो. प्रवेशपास घेताना एक दिवसाचा ३७ डॉलरचा न घेता तीन दिवसांचा ६२ डॉलरचा घ्या, म्हातारी माणसं बरोबर असतील तर नक्कीच. एका दिवसात ते होत नाही.

पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा कोरीव पट आहे, जवळजवळ ४९ मीटर लांब. डाव्या हाताला वासुकीचं तोंड धरलेले असुर, उजवीकडे शेपूट धरलेले देव, मधोमध कूर्मावर मंदार पर्वत आणि विष्णू. ९२ असुर आणि ८८ देव. सूर्यवर्मा दुसरा याने बाराव्या शतकात बांधवलेलं देऊळ, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली जायच्या आधीचं. सासूबाई एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भिंतीला हात न लावता, पण बोट धरून वाचावं तशा चालत गेल्या. शेपटाच्या टोकाशी एक वानर आहे. त्या थांबल्या. "मारुती इथे कसा? मंथनात मारुती नाही." तिथला एक स्थानिक वाटाड्या जवळ होता, त्याला मी इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे असतो. सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "असेल. एवढं जड काम, त्याला बोलावलं असेल." वाटाड्याला मी हे भाषांतर करून सांगितल्यावर तो इतका खूश झाला की पुढचा तासभर पैसे न घेता बरोबर फिरला.

सर्वांत वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे. तिथे त्यांना नेलं नाही, त्यांनीही हट्ट केला नाही. खाली सावलीत बसून त्यांनी सहस्रनाम पूर्ण केलं.

---

गोरेगाव_पूर्व

मी फिजिओथेरपिस्ट आहे, साठीपुढचेच पेशंट जास्त. धागाकर्तीने गुडघ्यांचा विषय काढलाच आहे म्हणून काही गोष्टी.

विमानतळावर व्हीलचेअर मागायला लाजू नका. तिकीट काढतानाच सांगितलं की ती विनामूल्य मिळते. अनेक आजीआजोबा म्हणतात, "मी काय पंगू आहे का?" चालता येतं म्हणून चालायलाच हवं असं नाही. चेक-इनपासून गेटपर्यंतचं अंतर, रांगा आणि उभं राहणं यातच गुडघ्यांची ताकद संपते, आणि पहिले दोन दिवस हॉटेलात जातात. त्यांना समजवा की ही ताकद तिकडे फिरायला राखून ठेवायची आहे.

विमानात दर दीड-दोन तासांनी एकदा उठून चालायचं, बसल्या जागी घोटे वरखाली फिरवायचे, पाणी प्यायचं. बाथरूमला जावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, हे हमखास होतं. कडेची सीट घ्या म्हणजे संकोच कमी. गोळ्या केबिन बॅगेत, मूळ पाकिटात, बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्यात औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या औषधवाल्याला कळत नाही. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण जिथे सक्ती नाही तिथेही काढा, आणि आधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब फॉर्ममध्ये लपवू नका.

जपानी आजींची शिप्पू पट्टी चांगली असते. आईंना विचारा, शिल्लक आहे का?

---

दादरची_लेक

@गोरेगाव_पूर्व, बॅग भरून आणल्यात! सोसायटीतल्या सगळ्या काकूंच्या गुडघ्यांवर सध्या जपान आहे. व्हीलचेअरचं आईने आधी ऐकलं नव्हतं, परतीच्या प्रवासात ऐकलं. सामानाचंही सांगते. जपानात एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बॅगा परस्पर पाठवता येतात, टाक्युबिन म्हणतात. संध्याकाळी टोकियोत दिल्या, दुसऱ्या दिवशी क्योटोत खोलीवर हजर. आईच्या हातात फक्त तिची कापडी पिशवी. म्हाताऱ्या माणसाबरोबर जाताना मला वाटतं हा एक खर्च डोळे मिटून करावा.

---

अंधेरी_सातबंगला

न जमलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

मी आईला न्यू जर्सीला नेलं. माझ्याकडे राहायला, सहा महिने. वडील नाहीत, इथे एकटी, तिकडे नातू, म्हटलं तिला किती बरं वाटेल. डिसेंबरात नेलं. आम्ही दोघं सकाळी साडेसातला बाहेर, नातू डे केअरला, आई बंद घरात. बाहेर बर्फ. फुटपाथ नाही, दुकान चालत जाण्यासारखं नाही, शेजारी कोण राहतं माहीत नाही. आई अंधेरीला सकाळी सहाला दूधवाल्यापासून रात्री वॉचमनपर्यंत पंधरा माणसांशी बोलते. तिकडे दिवसभर एकही शब्द नाही. मी संध्याकाळी आलो की ती दारातच उभी असायची, स्वयंपाक करून, आणि मी दमलेला असायचो.

शनिवारी एडिसनच्या ओक ट्री रोडवर न्यायचो, सगळी भारतीय दुकानं. तिथे ती भाजी निवडायला अर्धा तास लावायची. मला वाटायचं, वेळ काढतेय. आता कळतं, भाजीवालीशी बोलत होती. गुजराती बाई होती, आईला गुजराती येतं.

चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "मला घरी सोड." सहा महिन्यांचं तिकीट बदललं. मला वाईट वाटलं, रागही आला, एवढं सगळं केलं आणि हिला आवडलं नाही. राग जायला दोन वर्षं लागली. मी तिला अमेरिका दाखवली नव्हती, माझं घर दाखवलं होतं, तेही रिकामं.

जे कोणी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचं ठरवताय, त्यांना एवढंच, मे महिन्यात न्या, कमी दिवस न्या, आणि त्यातले आठ-दहा दिवस तरी ऑफिसातून रजा घ्या. आई आता ७८ ची आहे. या वर्षी मीच दीड महिना इकडे राहायला आलोय.

---

पार्लेकरीण

@अंधेरी_सातबंगला, दादा, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्या नणंदेला पाठवतेय.

---

माझगाव_डॉकयार्ड_रोड

आईबाबांना इस्तंबूलला नेलं. थोडक्यात लिहितो.

हागिया सोफिया बघितलं, मुळात चर्च, आता मशीद, सन ५३७ चं बांधकाम, घुमटाखाली उभं राहिल्यावर बाबा एकदम गप्प झाले. पण आईला विचाराल तर ती फेरीचं सांगेल. एमिनोनूहून कादिकोयला, म्हणजे युरोपातून आशियात, वीस मिनिटांची फेरी. आपण भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जातो तशीच रोजची माणसं, ऑफिसातून घरी चाललेली. तीळ लावलेला कडक गोल पाव मिळतो, सिमित. लोक त्याचे तुकडे करून सीगलना टाकतात. आईने घारापुरीच्या लाँचवर असंच कितीदा गाठ्या टाकल्यात. तिने तुकडा उंच धरला आणि पक्ष्याने तो हातातूनच नेला. त्या दिवशी आम्ही ती फेरी पाच वेळा केली, उतरलोच नाही असं म्हटलं तरी चालेल. तिथल्या प्रवासाच्या कार्डावर पैसे फारच कमी जातात.

सावध राहायचं ते चढांबद्दल. सगळं शहर टेकड्यांवर आहे, रस्ते दगडी, पावसात निसरडे. बाबांच्या चपला बदलायला लावा.

---

लालबागचा_शेजार

फराळ घेऊन जाणाऱ्यांसाठी. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर, दोन्हीकडे खसखस नेणं कायद्याने बंद आहे. अमली पदार्थात धरतात. अनारशांवर खसखस असते, काही जणींच्या गोड्या मसाल्यात असते, हे लक्षात येत नाही. आमच्या आईने दुबईला मुलीकडे जायला अनारसे करून डबा बांधला होता. वरच्या मजल्यावरच्या काकू सहज आल्या आणि त्यांनी सांगितलं. रात्री अकराला डबा उघडला. दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू गेले.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर जे काही खायचं असेल ते फॉर्मवर लिहून द्याच. लिहिलं की उघडून बघतात, चालणारं असेल तर परत देतात. न लिहिता सापडलं तर दंड.

---

मुलुंड_चेकनाका

आमचं मूळ गाव कोल्हापूर. वडिलांना इजिप्तला नेलं ते अबू सिंबेलच्या प्राचीन देवळासाठी. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव असतो ना, जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं पायापासून मुखापर्यंत चढतात. तसंच तिकडे २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतीची किरणं डोंगरातल्या देवळात आत शिरतात आणि गाभाऱ्यातल्या चारांपैकी तीन मूर्तींवर पडतात. चौथा प्ताह, कारागिरांचा देव, तो अंधारातच राहतो. अस्वान धरणात बुडू नये म्हणून साठच्या दशकात हे सगळं देऊळ तुकडे कापून वर उचलून बसवलं.

आम्ही नेमके त्या दिवशी नव्हतो, गर्दी वडिलांना झेपली नसती. पण वडील गाभाऱ्याच्या दाराशी उभे राहिले आणि दारापासून मूर्तीपर्यंत पावलं मोजली. कोल्हापूरला लहानपणी असंच मोजायचे म्हणाले. अस्वानहून पहाटे चारला निघावं लागतं, जवळजवळ २८० किलोमीटर वाळवंट. वाटेत बाथरूमची सोय जेमतेम, म्हाताऱ्यांना आधी सांगा.

---

चुनाभट्टीकर

तीन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन होते, कुर्ला सेक्शनला. ऊन, पाऊस, खांद्यावर हातोडा आणि रूळ. ३४ वर्षं. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला रांगेत. मला कंपनीने तीन महिन्यांसाठी लंडनला पाठवलं तेव्हा मी त्यांना पंधरा दिवस बोलावलं. व्हिसाच्या फॉर्मवर मी राजवाडा, टॉवर ब्रिज, वगैरे लिहिलं. वडिलांनी विमानतळावर पहिलं वाक्य बोललं ते हे, "बाबासाहेबांचं घर कुठंय?"

१० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनला उतरायचं आणि रेल्वेवरून जाणारा पूल ओलांडायचा. वडील पुलावर थांबले. खाली युस्टनकडे जाणारे रूळ. त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं, पुष्कळ वेळ. खडी कशी भरलीय, सांधे कुठे आहेत, मला दाखवत होते. मग म्हणाले, "बाबासाहेब ह्याच पुलावरनं जात असतील." मी म्हटलं असतील. ते म्हणाले, "मग हे रूळ त्यांनी बघितले असतील."

घरावर निळी गोल पाटी आहे, नाव, १८९१-१९५६, आणि इथे राहिले ती वर्षं. फेब्रुवारी होता, चार डिग्री. वडिलांनी फुटपाथवर बूट काढले, मोजेही काढले. मी म्हटलं, दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो), थंडी आहे. त्यांनी ऐकलं नाही. अनवाणी पाटीखाली उभे राहिले आणि त्रिशरण-पंचशील म्हटलं. एक गोरी बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती थांबली, कुत्र्याला जवळ घेऊन बसवलं आणि दादांचं संपेपर्यंत हलली नाही.

दादा सातवी शिकलेत. मला म्हणाले, इथे बसून त्यांनी रुपयावर पुस्तक लिहिलं ना? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं शिक्षण पैशाअभावी अर्धवट सोडून यावं लागलं होतं, पुन्हा १९२० ला गेले तेव्हा शाहू महाराजांनीही हातभार लावला, हे सगळं दादांना तोंडपाठ. मी एमबीए केलंय, मला तारखा येत नव्हत्या. रस्त्याच्या कडेला उभं राहून माझे वडील मला शिकवत होते.

उरलेले दिवस राजवाडा वगैरे झालं. त्यांनी आनंदाने बघितलं. पण घरी आल्यावर कोणी विचारलं की ते पुलापासून सुरुवात करतात. गेल्या वर्षी दादा गेले. त्यांच्या पाकिटात चॉक फार्मपर्यंतचं कागदी तिकीट होतं.

---

अंधेरी_सातबंगला

चुनाभट्टीकर, जय भीम. बाकी काही लिहिता येत नाही.

---

गोरेगाव_पूर्व

जय भीम, दादा. लिहिलंत त्याबद्दल आभार.

---

घाटकोपरची_सून

माहेर रत्नागिरी, आईवडिलांना मॉरिशसला घेऊन गेले होते, गणपतीतच. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्यांची ही मुलंबाळं. १८३४ पासून जवळपास पाच लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर तिथे उतरली, पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या काळ्या दगडी पायऱ्या अजून आहेत, सोळा. बाबा एकेक पायरी मोजून चढले.

गणपतीच्या मांडवात गेलो तेव्हा आजूबाजूला सगळे क्रिओल बोलत होते, आईला एक अक्षर कळेना. आणि आरती सुरू झाली. सुखकर्ता दुखहर्ता, लवथवती, दुर्गे दुर्घट भारी, शेवटी घालीन लोटांगण. ताल तोच. आईने टाळ मागून घेतले. नंतर पोरांनी नाच केला, झाकरी म्हणतात, आमच्याकडच्या जाखडीचंच रूप, पायात चाळ, गोलात. बाबा लहानपणी जाखडीत नाचायचे. ते गोलात शिरले. ७० वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालेले. मी अडवायला उठले आणि आईने मला हाताने खाली बसवलं.

भारतीय पासपोर्टला तिथे उतरल्यावरच व्हिसा मिळतो, फी नाही. मुंबईहून सहा तासांच्या आसपास विमान, वेळेचा फरक फक्त दीड तास, त्यामुळे म्हाताऱ्यांची झोप बिघडत नाही. दादरची_लेक, आईंना पुढच्या वेळी इकडेच न्या.

---

दादरची_लेक

काल रात्री आईला सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. मारुतीवर हसली. चुनाभट्टीकरांचं वाचताना मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. तिच्या शाळेत कुर्ल्याच्या रेल्वे कॉलनीतली पुष्कळ मुलं होती.

घाटकोपरची_सून, आईने तुमच्यासाठी प्रश्न दिलाय, तिच्याच शब्दांत. "तिकडच्या मुलांना मराठी लिहायला येतं का? शाळेत शिकवतात का? शिकवत असतील तर पुस्तकं कुठली आहेत?"

---

घाटकोपरची_सून

काकूंना सांगा, शिकवतात. सरकारी शाळांतही मराठी विषय आहे. घरात बहुतेक क्रिओलच बोलतात, पण आम्ही ज्यांच्याकडे जेवायला गेलो त्यांची नात तिसरीत होती, तिने वहीत स्वतःचं नाव देवनागरीत लिहून दाखवलं. 'ळ' चुकला होता.

---

दादरची_लेक

हे वाचून दाखवलं आणि आई उठून कपाटाकडे गेली. आता पलंगावर चौथीची जुनी पुस्तकं, पाटी आणि बाराखडीचा तक्ता काढून ठेवलाय. विचारतेय, सामानात किती किलो नेता येतं?

---

घाटकोपरची_सून

तिकिटावर बघा, बहुतेक २३ असतं. साड्या कमी घ्यायला सांगा. तक्ता गुंडाळून हातात धरा, मोडतो.